घाबरू नका, माणूस निघालाय

७ जानेवारी, मंगळवार

केलं! अर्जाचं पहिलं पान भरून टाकलं. ऑनलाइन एमबीए — घरबसल्या, नोकरी सांभाळून, दोन वर्षांत.

त्यांच्या माहितीपत्रकावर एक फोटो आहे. चौघं जण एका लॅपटॉपभोवती बसून खो खो हसतायत. ऑनलाइन कोर्सला चौघं एका लॅपटॉपभोवती कशाला बसतील? आणि अकाउंटिंगमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं? तरी मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो होतो. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय!

अर्ज का करतोय तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःलाच थापा मारायला नकोत. ऑफिसात सांगितलंय, बढतीसाठी. ते खोटं नाही. शहरात आमच्या कंपनीची कुठलीही लिफ्ट बंद पडली आणि आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबलं, की फोन वाजतो तो माझ्या टेबलावरचा. मी म्हणायचं, "घाबरू नका, माणूस निघालाय." मग मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं. दार उघडलं की फोन बंद. आजवर एकानेही नंतर फोन करून सांगितलं नाही, की पोचलो बुवा घरी. आणि का सांगावं? दरम्यान माझ्या डोक्यावर तीन मॅनेजर आले नि गेले. तिघंही पदवीवाले, तिघंही माझ्याहून लहान, आणि तिघांनाही लिफ्टमध्ये चढल्यावर कुठल्या बाजूला तोंड करायचं एवढंच लिफ्टबद्दल ठाऊक होतं.

पण खरं कारण ते नाही. आई गेल्यापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. वर्गात निदान हजेरी तरी घेतील.

९ जानेवारी, गुरुवार

आज स्वतःवरच हसलो. अर्जात 'आपत्कालीन संपर्क' असा रकाना आहे. मी विचार न करता नंबर टाकला. अर्ज पुढे सरकेना! खाली लाल अक्षरांत आलं — अर्जदाराचा कार्यालयीन क्रमांक आणि आपत्कालीन क्रमांक एकच असू शकत नाही. बघतो तर मी दोन्हीकडे कंट्रोल रूमचाच नंबर ठोकलेला. आपत्काल म्हटलं की बोटं आपोआप तोच लिहितात.

म्हणजे मी कुठे अडकलो तर फोन मलाच येणार. आणि मी मला सांगणार, घाबरू नका.

मग ताईचा टाकला. ताईला कळवलं मात्र नाही. ती लांब राहते, आणि फोन पर्सच्या तळाशी ठेवून विसरते. मला काही झालं तर तिला परवा-तेरवा कळेल.

१४ जानेवारी, मंगळवार

सातव्या मजल्याच्या बाई आज पुन्हा अडकल्या. त्या इमारतीतली लिफ्ट म्हातारी आहे हे खरं, पण इतकीही नाही. गेल्या महिन्यापासून दर आठवड्याला बाई असतातच. एकट्या राहतात. विमा कंपनीत होत्या, लोकांचे दावे तपासायच्या — आग, चोरी, अपघात. आता निवृत्त. आवाज खणखणीत. घाबरणंबिबरणं काही नाही.

मी नेहमीप्रमाणे, "घाबरू नका, माणूस निघालाय."

"निघू दे. तू काय करतोयस?"

हा प्रश्न मला या फोनवर कधी कुणी विचारलेला नाही! गडबडलो आणि खरं तेच सांगून बसलो. अर्ज भरतोय म्हटलं. कसला, कुठे, कशासाठी — सगळं काढून घेतलं बाईंनी. मग म्हणाल्या, "काय लिहिलंस ते वाच."

'हा अभ्यासक्रम का निवडत आहात' याचं माझं उत्तर वाचायला घेतलं. "आजच्या गतिमान जागतिक वातावरणात नेतृत्वगुण विकसित करण्याची माझी तीव्र इच्छा —"

"थांब. हे कुणी लिहिलं?"

"मी."

"खोटं."

खोटंच होतं. इंटरनेटवरून उचललं होतं.

"असे दावे मी पहिल्या वाचनातच बाजूला काढायचे," बाई म्हणाल्या. "ज्याचं खरंच घर जळलेलं असतं ना, तो 'अपरिमित हानी झाली' असं नाही लिहीत. तो आधी कपाटाचं सांगतो. तुझं कपाट कुठंय?"

मी अर्जाची पानं चाळायला लागलो. तेवढ्यात तिकडे दार उघडल्याचा आवाज आला, बाई "बरं, ठेवते" म्हणाल्या आणि गेल्या.

मागाहून पान्याचा फोन. पाना म्हणजे आमचा मेकॅनिक, झोपेतसुद्धा हातात पाना असेल म्हणून हे नाव. म्हणाला, "बिघाड कुठला आलाय! लिफ्ट ठणठणीत आहे. बाई स्वतःच लाल बटण दाबून लिफ्ट थांबवतात आणि मग घंटा वाजवतात."

"कशाला पण?"

"तुझ्या आवाजावर भाळल्या असतील!" खी खी खी.

नोंदीत मी 'किरकोळ बिघाड' असं लिहिलं.

२० जानेवारी, सोमवार

बाईंचा फोन नाही. त्याऐवजी एक नवरा-बायको अडकले आणि सुटका होईपर्यंत मला मध्यस्थ करून भांडले. "विचारा त्यांना, जिन्याने जाऊ म्हणत होते की नाही मी!" विचारलं.

२३ जानेवारी, गुरुवार

कपाट सापडलं! रविवारभर बसून उत्तर नव्याने लिहिलं होतं. कंट्रोल रूमला खिडकी नाही, पूर्वी ते तेलाचे डबे ठेवायचं कोठार होतं, अजून वास येतो. दिवसभर माणसांशी बोलतो पण चेहरा एकाचाही बघितलेला नाही. मला या दाराबाहेर पडायचंय. असं सगळं. आज बाई अडकल्या — 'अडकल्या' — तेव्हा वाचून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "हं. आता मंजूर करीन मी."

एवढ्यावर दिवसभर खूश होतो. वेडाच आहे मी!

मग विचारतात, "तू जाड आहेस का रे? आवाज जाड माणसाचा आहे." म्हटलं, काडी आहे काडी. बाईंना पटलं नाही. पुरावा मागत होत्या.

'तुम्ही' वरून 'तू' वर कधी आल्या ते मला कळलंच नाही. ताई सोडली तर मला 'तू' म्हणणारं कोण उरलंय? साहेब आणि पाना, पण ते सगळ्यांनाच म्हणतात.

पुढचा प्रश्न राहिलाय. 'तुमच्या कामाच्या ठिकाणी एक बदल सुचवा आणि त्याचा परिणाम मोजून दाखवा.' मी सुट्या भागांच्या साठवणुकीवर लिहिलं होतं. दोन वाक्यांतच बाई म्हणाल्या, "झोप आली. तुला रोज काय छळतं ते लिही."

"छळत काही नाही."

"दिवसभर एकच वाक्य बोलतोस, घाबरू नका माणूस निघालाय, घाबरू नका माणूस निघालाय. त्याचा कंटाळा येत नाही तुला?"

येतो की.

३१ जानेवारी, शुक्रवार

लिहिलं. आणि भलतंच चांगलं जमलंय. माझ्याच हाताने लिहिलंय यावर विश्वास बसत नाही.

मुद्दा असा — येणाऱ्या फोनमधले निम्म्याहून जास्त खरे नसतातच. मुलं खेळतात, कुणाचा कोपर लागतो, कुणी उगाच बटण दाबतं. आता लिफ्टची यंत्रणाच सांगू शकते की बिघाड खरा आहे की आतूनच थांबवलीय. मग खरा असेल तरच फोन माणसाकडे यावा. नसेल तर रेकॉर्ड केलेल्या आवाजाने चार धीराची वाक्यं बोलावीत, आणि थोड्या वेळाने लिफ्ट आपली आपण चालू व्हावी. मेकॅनिकची फेरी वाचते. खरा अडकलेला माणूस लवकर सुटतो. आणि कंट्रोल रूममधल्या माणसाला दुसरं काही काम करता येतं. म्हणजे मला.

उदाहरण हवं होतं. सातव्या मजल्याचं दिलं. बाईंचा उल्लेख नाही, फक्त 'एका इमारतीत एकाच रहिवाशाकडून वारंवार येणारे अनावश्यक फोन'.

'अनावश्यक' शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला. दुसरा कुठला बसेना. अर्जाच्या भाषेत त्याला तेच म्हणतात. शेवटी कागदावरचंच तर आहे सगळं. कोण करायला बसलंय!

३ फेब्रुवारी, सोमवार

शिफारसपत्र मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. मान वर न करता म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो."

मला वाटलंच होतं. सगळ्यांचं तसंच होतं इथे. मागच्या मॅनेजरनेही स्वतःचं स्वतःच लिहिलं होतं, त्यात 'असा माणूस विरळा' असं वाक्य होतं म्हणे.

घरी येऊन लिहायला बसलो. 'मी यांना गेली एकोणीस वर्षे ओळखतो.' इथपर्यंत ठीक. पुढे? साहेबांच्या तोंडून स्वतःचं कौतुक करायचं म्हणजे आधी साहेबांना माझ्यातलं काय ठाऊक आहे ते आठवायला हवं. मी वेळेवर येतो हे ठाऊक आहे. रजा घेत नाही हे ठाऊक आहे. एकदा मला ताप होता तेव्हा "आवाज बसलाय का?" असं विचारलं होतं.

अर्जात विचारलंय, अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीने लिहावे. जवळून! रडू आलं मला. सरळ रडलो. मग तोंड धुतलं, अंडं उकडलं, आणि 'असा माणूस विरळा' लिहून मोकळा झालो.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताईचा फोन. अर्जाचं सांगितलं.

"आता? या वयात दप्तर घेणार तू?" मग हसू दाबत, "आणि वर्गात मुलीबिली असतील का रे चांगल्या?" भाची मागून ओरडत होती, मामा डबा न्यायला विसरू नकोस. हसलो मीही. मग कुकरच्या शिट्ट्या, मग दारावर कुणीतरी, मग "थांब हं, करते मी परत."

केला नाही. विसरली असेल. तिचं घर म्हणजे बसस्टँड आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सही करण्याआधी साहेबांनी सगळा अर्ज मागवला. म्हणाले, "कशाखाली सही करतोय ते बघू तरी." सकाळी गेला अर्ज आत, आणि दुपारी मलाच बोलावणं आलं. वाटलं, 'असा माणूस विरळा' नडलं.

तर साहेब उभे! खुर्चीतून उठून उभे. "अरे, हे तू लिहिलंस? इतकी वर्षं हे डोक्यात घेऊन तिथे कोठारात बसला होतास?" बस म्हणाले. चहा मागवला. ती लिफ्टच्या फोनबद्दलची चार पानं त्यांनी पेन्सिलने खुणा करकरून वाचली होती. "हे करायचं. नुसतं कागदावर नाही, खरंच करायचं. जुन्या इमारतींपासून सुरुवात. आणि तुझ्या त्या कॉलेजला लिही की सुरूही झालंय. ते परिणाम-बिरिणाम मागतात ना?"

मी काय बोललो? मी म्हणालो, "हो साहेब."

वाटेत आठवलं की जुन्या इमारतींत सातव्या मजल्याच्या बाईंची इमारत पहिली. पण खोटं का लिहू — घरी येईपर्यंत मी हवेत होतो. इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं कुणी पेन्सिल घेऊन वाचलेलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाई अडकल्या. अर्ज संपूर्ण झाला का विचारलं. झाला म्हटलं. "आणि ते छळणारं काय लिहिलंस शेवटी?"

"तेच. एकच वाक्य बोलण्याबद्दल."

"वाच."

म्हटलं, आत्ता समोर नाही. समोरच होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आवाज माझाच हवा म्हणाले साहेब. "लोकांना सवय आहे. तुझ्या आवाजाने माणूस शांत होतो." हेही मला आज कळतंय.

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना गादी लावलेली. आत स्वतःचा आवाजसुद्धा परत येत नाही. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याने सांगितलं, "नेहमी काय बोलता तेच बोला." बोललो. घाबरू नका, माणूस निघालाय. दार ओढू नका. पंखा चालू आहे, हवा कमी पडणार नाही.

"जरा ओठांवर हसू ठेवून बोला. ऐकणाऱ्याला कळतं." हसून बोललो.

सोबत आलेल्या साहेबांना मी म्हटलं, "पण बिघाड नसेल तर माणूस निघणारच नाहीये. मग 'निघालाय' कसं म्हणायचं?"

"अरे, धीर द्यायचाय. तपासायला कोण जातंय?"

बाई जातील, असं मनात आलं.

शेवटी मीच म्हटलं, आणखी एक वाक्य हवं — "मी ऐकतोय. बोला." आणि त्याच्यापुढे बराच वेळ काहीच नको. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "मोकळी जागा कशाला? रेकॉर्डिंग वाया जातं." म्हटलं राहू दे. माणसं बोलतात तिथे. पुढे मग पुन्हा, "मी ऐकतोय. बोला."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारी सातव्या मजल्याला नवी यंत्रणा बसणार. आज बाईंना सांगायचं ठरवून बसलो होतो. फोन आला. बाई मजेत होत्या. मुलाखतीची तयारी करून घेऊ म्हणाल्या, आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या माझी मुलाखत घेतली. "तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?" मी म्हटलं, मी फार मेहनत करतो. "खोटं! दुसरा सांग." म्हटलं, मला नाही म्हणता येत नाही. "हा चालेल."

मग म्हणाल्या, "निकाल लागला की आधी मला सांगायचं. मी तपासलेला दावा आहे हा."

"हो बाई."

बाकी काही सांगितलं नाही. पाना दार उघडून मोकळा झाला. भ्याडच आहे मी.

५ मार्च, बुधवार

मुलाखत झाली. झाली म्हणजे काय! समोर माणूसच नव्हता. कॉलेजचं एक पान उघडतं, त्यातून एका बाईचा गोड आवाज येतो — आधीच रेकॉर्ड केलेला — ती प्रश्न विचारते, मग पडद्यावर आपलंच तोंड दिसतं आणि आपण त्या तोंडाशी बोलायचं. इस्त्रीचा शर्ट घालून मी पलंगाच्या कडेवर बसलो होतो.

"तुमच्याविषयी सांगा."

सांगितलं. तेलाचे डबे, खिडकी, सगळं. बोलता बोलता जरा रंगात आलो, एक विनोदही केला. आणि थांबलो. सवयीने थांबलो, समोरचा हसेल म्हणून. पडद्यावर मीच माझ्याकडे बघत होतो.

"धन्यवाद. तुमचं उत्तर नोंदवलं गेलं आहे," ती म्हणाली. हसून म्हणाली. ऐकणाऱ्याला कळतं.

शर्ट काढून पुन्हा खुंटीला लावला. खूप वाईट वाटलं. कशाचं, ते धड सांगता येत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

फोन वाजत नाही. जुन्या इमारती एकामागून एक नव्या यंत्रणेवर गेल्या. साहेब दारातून डोकावून म्हणाले, "बघ, सगळं शांत! आता तुला अभ्यासाला वेळच वेळ." आणि त्यांनी माझी 'सुधारणा प्रमुख' म्हणून पाटी करायला टाकलीय. पाटी दाराला बाहेरून लागणार, मला आतून दिसणार नाही.

पूर्वी फोन वाजला की आधी शिवी हासडायचो. आज दुपारी चालू आहे का बघायला उचलून कानाला लावला. चालू होता.

२२ मार्च, शनिवार

पान्याला विचारलं, सातव्या मजल्याकडे कधी जाणं झालं का. "मला काय निरोपच येत नाही. बिघाडच नाही तर जाऊ कशाला? तुझ्या कृपेने चालणं कमी झालंय, पोट सुटलं बघ."

म्हणजे बाई आता बटण दाबत नसाव्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखलं असणार, हा माणूस नाही, टेप आहे. ओळखलं आणि सोडून दिलं. बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पण राग आला मला. खोटं कशाला लिहू! कंपनीचा नंबर पाटीवर लिहिलेला असतो प्रत्येक लिफ्टमध्ये. घरातून फोन करता आला असता. एकदा तरी विचारायचं, कुठे गेलास रे?

मग वाटलं, त्यांचा पत्ता माझ्याजवळ आहे. मीही जाऊ शकलो असतो की.

२ एप्रिल, बुधवार

निवड झाली!!

सकाळी ऑफिसात मेल आला. 'अभिनंदन. आमच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे.' खाली तोच फोटो, चौघं, लॅपटॉप, खो खो. आणि एक ओळ वेगळी — 'आपला लिफ्टसंबंधीचा प्रस्ताव निवड समितीला विशेष उल्लेखनीय वाटला.'

ताईला फोन लावला. वाजत राहिला. पर्सच्या तळाशी. पान्याला सांगितलं, तो म्हणाला पार्टी दे, आणि जिना उतरून गेलासुद्धा. साहेबांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले सुट्टी मात्र मागू नकोस.

आणि संपलं. सांगायची माणसं संपली. चहा निवायच्या आत.

आधी मला सांगायचं, म्हणाल्या होत्या. फोन हातात घेऊन बसलो. पण या फोनवरून लिफ्टकडे फोन लावता येत नाही. तो फक्त तिकडून इकडे येतो. इतक्या वर्षांत हे कधी जाणवलंच नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

जायला निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. काय सांगणार? की बाई, निवड झाली, आणि कशामुळे झाली माहितीय का?

१३ एप्रिल, रविवार

गेलो.

इतकी वर्षं जिचं नुसतं नाव फोनवर ऐकलं ती इमारत पहिल्यांदा बघितली. भर दुपारची वेळ, दारात कुणी नाही. लिफ्ट तळमजल्यालाच उभी होती, दार बंद. बटण दाबलं, उघडेना. आत कुणीतरी बोलत होतं. मीच.

"घाबरू नका, माणूस निघालाय."

"निघू दे रे." बाई! "तुझ्या निकालाचं काय झालं? एव्हाना लागायला हवा. दर खेपेला विचारते."

"मी ऐकतोय. बोला."

"मी काय बोलू? तू बोल."

मग शांतता. मीच हट्टाने ठेवलेली. बाई आत थांबून राहिल्या होत्या.

मी दारावर टकटक केलं. "झाली, बाई. निवड झाली माझी."

आतून, अगदी दाराजवळ येऊन, त्याच खणखणीत आवाजात —

"दोघांतला कुठला बोलतोयस?"